पाण्यातली वस्ती

हिंगोलीत पाणी मोजायची सवय आहे. पूर्णा नदीवरच्या येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांत साठा किती टक्के, कालव्याला पाळी कधी सुटणार, वसमतच्या हळदीला ते पुरेल का, अशा प्रश्नांतूनच आपली पाण्याशी ओळख होते. म्हणून इथल्या माणसाने पावसाळा सरल्यावर एक दिवस मालवणला जावं आणि सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या उथळ समुद्रात स्नॉर्केलिंग करावं, असं मला मनापासून वाटतं. डोळ्यांवर काच, तोंडात नळी, अंगात लाइफ जॅकेट. पोहता न येणाऱ्यालाही गाइडच्या आधाराने हे जमतं. कसोटी लागते ती स्वस्थ राहण्याची. हातपाय झाडले की वाळू उसळते, पाणी गढुळतं, मासे दडतात. अंग सैल सोडून तरंगलं की तेच मासे कपारींतून बाहेर येतात. इथे विसावल्याशिवाय दिसतच नाही. मग खडक वाटणारं प्रवाळ जिवंत असल्याचं उमगतं. इवल्या जीवांनी चुन्याची घरं बांधलेली असतात आणि त्यांच्या शरीरात राहणारं सूक्ष्म शेवाळ उन्हावर अन्न तयार करून त्यांना पोसतं. पाणी फार तापलं तर ही सोबत तुटते, प्रवाळ पांढरं पडतं.

कोणी म्हणेल, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्यांना ही चैन कशाला? तहान आधी, हे खरंच. पण वापर आणि जपणूक यांत वैर नाही. मालवणचे मच्छीमार समुद्रावरच जगतात. १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा पोटाच्या काळजीने त्यांनी विरोधही केला. तरी १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते, कारण वीण टिकली तरच पुढे जाळी भरतील. पर्यटकांच्या गर्दीनेच प्रवाळ मरतं, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. टेकलेला पाय आणि टाकलेला नांगर वर्षानुवर्षांची वाढ मोडतात. म्हणून न शिवता, माशांना पाव-बिस्किटं न टाकता नुसतं पाहायचं, ही अट पाळणाऱ्यानेच तिथे उतरावं. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तूप घेऊन धावणाऱ्या संत नामदेवांची कथा त्यांच्याच नरसीच्या, म्हणजे आपल्या हिंगोलीच्या मुलखाला नवी नाही. दुसऱ्या जिवाची भूक ओळखणारी ती नजर पाण्यापर्यंत पोचायला हवी. ती ज्याला लाभली, तो आपल्या कयाधू नदीत सांडपाणी सुटताना, तिची वाळू उपसली जाताना मुकाट राहणार नाही. एवढं साधलं तरी मालवणचा लांबचा प्रवास सार्थकी लागेल.