झाशीच्या जवाहिराचा मालक

झाशीच्या गादीचे जवाहीर गेले कुठे, असा प्रश्न निघाला की बोलणे हटकून भुयारांकडे आणि पुरलेल्या हंड्यांकडे वळते. राजघराण्यांच्या दागिन्यांची मालकी कशी बदलत गेली हे तपासणे हा माझा विषय, म्हणून मला या दंतकथांपेक्षा १८५४ सालचा सरकारी पत्रव्यवहार जास्त मोलाचा वाटतो. झाशीचे राजे गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ रोजी वारले. आदल्याच दिवशी त्यांनी दामोदररावांना दत्तक घेतले होते. गव्हर्नर जनरल डलहौसीने हे दत्तक अमान्य करून संस्थान खालसा केले. त्या वेळी पोलिटिकल एजंट माल्कम याने शिफारस केली की संस्थानचे जवाहीर आणि खाजगीतला पैसा राणीसाहेबांची, म्हणजे गंगाधररावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची, मालमत्ता मानावी. डलहौसीने तीही मानली नाही, आणि तिथे जे कारण दिले त्यावर माझे सगळे म्हणणे उभे आहे. राज्यावर हक्क सांगण्यास हे दत्तक चालणार नाही, पण खाजगी मालमत्तेचा वारसा दत्तक मुलाकडेच जातो. तेव्हा ती दुसऱ्या कुणाला देण्याचा सरकारला अधिकार नाही, असे त्याने लिहिले. म्हणजे ज्या सरकारने गादी घेतली, त्यानेच जवाहिराचा मालक कोण हे लेखी सांगून ठेवले. तो मालक तेव्हा पाच वर्षांचाही नव्हता. खजिन्यातील सुमारे सहा लाख रुपये त्याच्या नावाने सरकारने स्वतःकडे अनामत ठेवले. पुढे त्यातले एक लाख त्याच्या मुंजीसाठी मागितले, तेव्हा राणीसाहेबांकडेच जामीन मागण्यात आले.

एवढे ध्यानात घेतले की एप्रिल १८५८ मध्ये जे घडले त्याला निव्वळ 'युद्धातली लूट' म्हणता येत नाही. इंग्रज सेनापती सर ह्यू रोजच्या फौजेने ३ एप्रिलला तट चढून शहरात शिरकाव केला आणि मग दिवसेंदिवस कत्तल व लूट चालली. वरसईचे भिक्षुक विष्णुभट गोडसे त्या वेळी झाशीतच होते. कोणत्या पलटणीने कोणता जिन्नस उचलायचा याची जणू पाळीच लागली होती, असे त्यांच्या 'माझा प्रवास'मधून दिसते; सोनेनाणे आधी गेले, भांडीकुंडी मागाहून. राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाच्या नाशाने हा भिक्षुक किती कळवळला, हेही तिथे वाचायला मिळते. माझ्या विषयाच्या दृष्टीने ती हानी दागिन्यांइतकीच मोठी आहे. घराचे कागद गेले की घरातल्या वस्तूची ओळख पटवणार कशाने?

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की राणीसाहेब शस्त्र घेऊन उभ्या राहिल्या, तेव्हा जिंकलेल्यांची मालमत्ता जप्त होणे त्या काळच्या रिवाजाला धरूनच होते. हा रिवाज खरा, पण त्याचेही नियम होते. जप्त माल प्राइझ एजंटांनी ताब्यात घ्यायचा, विकायचा आणि हिशेबाने वाटायचा. शिपायाने किंवा अधिकाऱ्याने परस्पर पिशवीत घातलेली वस्तू त्यांच्या स्वतःच्या कायद्यानेही चोरीचीच. हिशेब ठेवणे अशक्य होते, असेही नाही. त्याच साली इंग्रज सेनापती व्हिटलॉकच्या फौजेने अमृतराव पेशव्यांच्या वंशजांची कर्वी घेतली, तेव्हा बांदा आणि कर्वी येथील लुटीच्या वाटणीवरून इंग्रज सेनापती आपसात भांडले आणि १८६६ मध्ये लंडनच्या ॲडमिरल्टी कोर्टात डॉ. लशिंग्टन यांनी त्याचा निवाडा केला. आपल्या वाट्याचा प्रश्न आला की या मंडळींची स्मरणशक्ती उत्तम चालत असे. शिवाय आठ वर्षांच्या मुलाने कोणते बंड केले होते?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जून १८५७ मध्ये बंडवाल्या शिपायांनी राणीसाहेबांकडून मोठी रक्कम उकळली होती; नंतर फौज उभारायला, तोफा ओतायला पैसा लागला; आणि किल्ला सोडताना काही दागिने बरोबर गेले. दामोदररावांच्या नावावरील हकिकतीत आईचे सोन्याचे तोडे विकावे लागल्याचा उल्लेख आहे. तेव्हा १८५४ मधले सगळेच जवाहीर १८५८ मध्ये वाड्यात होते असा दावा मी करत नाही, आणि परदेशातल्या कुठल्याही शिरपेचाकडे बोट दाखवून तो झाशीचा म्हणणाऱ्यांशीही सहमत नाही. पण मालकाच्या पालकाने खर्च केलेले धन आणि तिऱ्हाइताने उचललेले धन यांत भेद आहे. पहिल्यामुळे दुसऱ्याची रक्कम कमी होते, त्याचे स्वरूप बदलत नाही.

वस्तूंची नोंद असली की काय फरक पडतो, हे एका परदेशी चोरीवरून कळते. डब्लिनच्या किल्ल्यातून सेंट पॅट्रिक सरदारपदाचा जडावाचा तारा आणि पदक १९०७ मध्ये नाहीसे झाले, तेव्हा पोलिसांनी लगेच त्यांची चित्रे छापून वाटली. वस्तू आजतागायत सापडल्या नाहीत, तरी काय चोरीला गेले हे जगाला ठाऊक आहे. गोडशांचे पुस्तकही त्याच १९०७ सालचे, चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केलेले. झाशीच्या बाजूने साक्ष आहे ती मुख्यतः त्यात, आणि तीत नगांची यादी नाही. नागपूरकर भोसल्यांचे जवाहीरही १८५४ च्या खालशानंतर गेले, पण त्याचा कलकत्त्यात हॅमिल्टन कंपनीमार्फत जाहीर लिलाव झाला. अन्याय तोही होताच; मात्र लिलावाचा कागद मागे राहतो आणि त्यावरून माग काढता येतो. झाशीसाठी तशी वाट शोधायची तर १८५४ मध्ये संस्थान ताब्यात घेतानाचे कागद आणि ह्यू रोजच्या फौजेचे प्राइझ हिशेब नगाला नग लावून पाहावे लागतील. पहिल्यात असलेली आणि दुसऱ्यात नसलेली प्रत्येक वस्तू तपासाची ठरेल, आणि तपास सुरू करताना मालकाच्या रकान्यात दामोदररावांचेच नाव लिहावे लागेल. सरकारने त्यांना पुढे इंदुरात पेन्शन दिली; तिथेच ते १९०६ मध्ये वारले.