बोल आणि निकास

पखवाजावरच्या चौतालाचा ठेका कागदावर लिहून पाहा: धा धा दीं ता किट धा दीं ता तिट कत गदि गन. बारा मात्रा. हात कुठे पडावा, बोटं जुळवावीत की मोकळी सोडावीत, यातलं अक्षरही तिथे नसतं. असतात ती नुसती नावं. ‘धा’ आला की पखवाजियाचा उजवा हात शाईच्या पुडीवर पडतो, त्याच क्षणी डावा कणकेच्या पुडीवर. एका नावाखाली दोन क्रिया बांधलेल्या असतात.

इंदूरला बसून दिवसभर पायथॉन लिहिणाऱ्या मला हे फार आपलं वाटतं. प्रोग्रॅमला आज्ञा आली की कोणतं काम करायचं, यासाठी ‘हे असेल तर ते’ अशी शर्तींची लांबलचक उतरंड रचता येते. पायथॉनमध्ये २०२१ साली ३.१० आवृत्तीबरोबर यासाठी ‘मॅच’ हे विधान आलं. त्याआधीपासून जाणती माणसं डिक्शनरी वापरत. एकीकडे नाव, दुसरीकडे फंक्शन. मला आजही तीच पसंत आहे. नवं काम वाढलं तर या नाव-फंक्शनच्या तक्त्यात एक ओळ घालायची. हाक मारणाऱ्या कोडला हात लावायचा नाही.

तक्ता भरताना मात्र फंक्शनच्या नावापुढे कंस द्यायचा नाही. दिला की ते तिथल्या तिथे चालतं आणि तक्त्यात त्याचं उत्तर तेवढं उरतं. पढंत, म्हणजे बोलांचं तोंडी पठण, ऐकताना हा फरक कानाला कळतो: सगळी परण, म्हणजे बांधलेली बोलरचना, तोंडून निघते, हात टाळी देत असतो, पखवाज गप्प. बोल घेतला, अजून वाजवलेला नाही.

वाईजवळच्या बावधनचे नाना पानसे एकोणिसाव्या शतकात इंदूरला स्थिरावले. त्यांच्या नावानं पखवाजाचं घराणं उभं राहिलं, सखारामपंत आगळ्यांसारख्या शिष्यांनी ते पुढे नेलं. पखवाजाच्याच कुदऊसिंह घराण्याचं वादन जोरकस, पानसे घराण्याचं मुलायम. दोघांकडे ‘धा’ तोच, ‘तिट’ही तोच, बोल हातातून काढण्याची रीत, म्हणजे निकास, मात्र ज्याचा त्याचा. चौतालाची ओळ एका अक्षरानं न बदलता वेगळी वाजते, कारण प्रत्येक नावासमोर दुसरा हात येऊन बसलाय.

आमच्या तक्त्यात नसलेलं नाव आलं तर प्रोग्रॅम अडतो, नाहीतर राखीव म्हणून ठेवलेलं फंक्शन चालतं. परणींच्या जुन्या वहीपुढे अशी राखीव सोय नाही. तिच्यात नावं आहेत, निकास गुरूनं समोर बसवून हातात घातलेला. म्हणून ज्यांच्या घरी अशी वही असेल त्यांनी ती नुसती स्कॅन करून थांबू नये. त्या घराण्याचा हात असलेल्या वादकाकडून एकेक बोल सावकाश वाजवून घ्यावा, आणि कॅमेरा त्याच्या बोटांवर ठेवावा.