दोघांपुरते टेबल

लग्नाच्या वाढदिवसाला बाहेर जेवायला कोठे जावे, हा प्रश्न आपल्या घरी कोण सोडवतो, हे मला ठाऊक नाही. आमच्या घरी तो अनेक वर्षे मुलगा सोडवीत असे आणि आम्ही उभयता नीटनेटके कपडे करून त्याच्या मागोमाग जात असू. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी ही जबाबदारी प्रथमच माझ्यावर आली. वाचकहो, एवढ्या क्षुल्लक कामासाठी मी तीन आठवडे मुंबईभर हिंडलो असे सांगितले, तर आपण हसाल. हसण्यापूर्वी त्याच्या आधीच्या वर्षीची हकीकत मात्र ऐकून घ्यावी.

2024 च्या मे महिन्यात, आमच्या लग्नाच्या एकोणचाळिसाव्या वाढदिवशी, मुलाने आम्हांला एका नव्या, नावाजलेल्या भोजनगृहात नेले. उंच छत, काचेच्या भिंती, पायांखाली गुळगुळीत दगड आणि एका अंगाला उघडे स्वयंपाकघर. पदार्थ उत्तम होते, त्याविषयी माझी तक्रार नाही. माझ्या पत्नीला काही वर्षांपासून कमी ऐकू येते. ती दोन्ही कानांत यंत्रे घालते. त्या रात्री ती मोठी प्रसन्न दिसत होती. प्रत्येकाच्या बोलण्यावर मान डोलावीत होती. जेवण अर्ध्यावर आले असता मुलाने चमचा खाली ठेवला आणि आपल्याला कॅनडात नोकरी मिळाली आहे, ऑगस्टात सहकुटुंब निघायचे आहे, असे सांगितले. पत्नी हसली आणि तिने मान डोलावली. सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आले. परतताना मुलगा मला हळूच म्हणाला, "बाबा, आईनं किती समजूतदारपणे घेतलं!"

चार दिवसांनी शेजारच्या वहिनींनी जिन्यात तिचे सांत्वन केले, तेव्हा तिला ही बातमी कळली.

ती रागावली नाही. "मला वाटलं, तो जेवणाबद्दल काही सांगतोय," एवढेच म्हणाली. मुलाला तिने हे कधीच कळू दिले नाही, आणि हे पान त्याच्या हाती पडणार नाही, अशी माझी अटकळ आहे.

कमी ऐकू येणे म्हणजे आवाज बारीक होणे, अशी माझी समजूत होती. श्रवणतज्ज्ञ बाईंनी ती दूर केली. वयोमानाने प्रथम जातात ते उंच पट्टीचे सूर, आणि स, श, फ, त, क यांसारख्या व्यंजनांचा जीव त्या सुरांतच असतो. स्वर शाबूत राहतात. म्हणून 'ताप', 'काप' आणि 'साप' हे तिन्ही शब्द कानाला एकच होतात. बोलणे ऐकू येते, पण कळत नाही. शांत खोलीत यंत्र बरीच मदत करते. गोंगाटात मात्र ते नवऱ्याच्या आवाजाबरोबर शेजारच्या टेबलावरील हास्य आणि ताटल्यांचा खणखणाटही मोठा करून देते. तेव्हा माणूस काय करतो? समोरच्याच्या ओठांकडे पाहतो. आणि उंची भोजनगृहे तर दिवे मंद करून मेणबत्ती लावण्यातच रसिकता मानतात!

एवढे ज्ञान पदरात पाडून मी 2025 च्या एप्रिलात शोधास निघालो. आमच्या तरुणपणी चर्चगेटचे 'गेलॉर्ड' हे ऐटीचे ठिकाण समजले जाई. 1956 साली सुरू झालेल्या त्या भोजनगृहात जाण्यासाठी लग्नानंतर मी चार महिने पैसे साठवले होते. एरवी आमची धाव इराण्याच्या 'फॅमिली रूम'पर्यंत. लाकडी आडोशाच्या त्या लहानशा खोलीला आम्ही किती नावे ठेवली! पण दोन माणसांना एकमेकांचे बोलणे ऐकू यावे, ही सोय तिथे चहाच्या किमतीत मिळत होती.

नव्या स्थळांची कीर्ती मी वाचू लागलो, तर सर्वत्र पदार्थांचेच वर्णन. मिशेलिन या फ्रेंच टायर कंपनीने 1900 साली प्रवाशांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली आणि 1926 पासून ती भोजनगृहांना तारे देऊ लागली. ते तारेही केवळ ताटातल्या अन्नाला मिळतात. खुर्ची, दिवा, आवाज यांना त्यात गुण नाहीत. मग मी दूरध्वनी करून विचारू लागलो, "आपल्याकडे शांत कोपरा मिळेल का?" एका ठिकाणी उत्तर आले, "सर, आमच्याकडे रोज लाइव्ह म्युझिक असतं!"

शेवटी मी स्वतःच रात्री नऊच्या सुमारास जाऊन दारात पाच मिनिटे उभा राहू लागलो. दारवान संशयाने पाहत. माझ्या मोबाइलवर आवाज मोजण्याची सोय आहे. साधे संभाषण सुमारे 60 डेसिबलचे असते. एका प्रसिद्ध ठिकाणी आकडा 84 वर गेला, आणि दर 10 डेसिबलांमागे ध्वनीची शक्ती दहापट होते, हे ध्यानात घ्यावे. बरे, हा गोंगाट कोणी मुद्दाम करीत नाही. भोवती आवाज वाढला की माणूस नकळत आपलाही चढवतो, हे लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच वैद्याने 1911 सालीच दाखवून दिले आहे. एक टेबल मोठ्याने बोलते, म्हणून दुसरे त्याहून मोठ्याने. आणि दगड, काच नि उघडे लाकूड तो सारा आवाज परत फेकतात. गालिचा, जाड पडदे, कापडी खुर्च्या, एवढेच काय, टेबलावरचा कापडी रुमालसुद्धा तो थोडाफार गिळतो. ज्यांना आपण जुनाट म्हणून नाके मुरडतो, ती भोजनगृहे म्हणूनच निवांत असतात.

मी निवडले ते फोर्टातील एका जुन्या हॉटेलाच्या पहिल्या मजल्यावरचे. त्याचे नाव सांगत नाही. आपण इंदूरला असाल, हैदराबादला वा बडोद्याला, त्या नावाचा आपणांस काय उपयोग? दर चढे होते, त्यातून बड्या हॉटेलातल्या भोजनावर शेकडा 18 कर, जो बाहेरच्या साध्या उपाहारगृहात शेकडा 5 पडतो. हिशेब करून मी क्षणभर थबकलो, हे कबूल करतो.

आमचा वाढदिवस 10 मे. त्या वर्षी तो शनिवारी आला. शनिवारी मुंबईत कोठलेही टेबल शांत नसते. म्हणून मी मंगळवार, 13 मे ठरवला आणि वेळ घेतली सायंकाळी साडेसातची, कारण मंडळी नऊनंतर जमतात. मॅनेजर गृहस्थ सज्जन होते. पत्नीच्या पाठीशी भिंत हवी, स्वयंपाकघराचे दार दूर हवे आणि दिवा माझ्या तोंडावर पडायला हवा, असे मी सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "साहेब, लोक उलट सांगतात."

"शनिवार सोडून मंगळवारी कशाला?" पत्नीने विचारले होते. मी स्वस्त पडते असे सांगितले. तिला ते पटले, यात माझ्या स्वभावाविषयी काय दडले आहे ते असो.

त्या दालनात आमच्याखेरीज दोनच टेबले भरली होती. वेटर मेनूकार्ड घेऊन आला आणि सवयीने माझ्याकडे वळला. तेवढ्यात पत्नीनेच त्याला माशाला काटे आहेत का, ते विचारले आणि त्याचे उत्तरही ऐकले. मग ती बोलत राहिली: नातीच्या शाळेविषयी, तिच्या आईच्या भाजणीविषयी, 1985 सालच्या 'गेलॉर्ड'मध्ये मी चुकीच्या हातात काटा धरला होता त्याविषयी. इतके अखंड बोलणे मी दोन वर्षांत तिच्या तोंडून ऐकले नव्हते. मला वाटत होते, ती अबोल झाली आहे.

ताटल्या उचलल्या गेल्या. तिने रुमालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"अहो," ती म्हणाली, "त्या दिवशी तो नक्की काय म्हणाला होता? मला त्याचे शब्द हवेत. तुमचे नकोत."

मी खुर्ची थोडी पुढे ओढली, दिव्याकडे तोंड केले आणि आठवून आठवून, एकेक वाक्य सावकाश, सांगू लागलो. गोड पदार्थ घेऊन आलेला वेटर दोन पावले अलीकडेच थांबून राहिला होता.