पेण-रोह्याच्या वाटेवर: विंचू, घाम आणि एक गोळी

पनवेलहून दक्षिणेकडे निघालेली गाडी आपटा, जिते, हमरापूर ही स्थानके मागे टाकीत पेणला येते, तेव्हा डाव्या बाजूला डोंगर आणि उजव्या बाजूला खाडीच्या दिशेने पसरलेली खारजमीन असा दुहेरी देखावा दिसू लागतो. पेण म्हटले की गणेशमूर्ती, पापड आणि पोहे ही त्रयी आठवावी, हे स्वाभाविकच आहे. भाद्रपद सरून काही आठवडे होतात न होतात तोच मूर्तिकारांच्या कारखान्यांत पुन्हा माती भिजू लागते. पावसाळा संपल्यावर येथे गेले असता कोपऱ्यात रचलेले साचे, पोत्यांच्या थप्प्या आणि मूर्तींच्या बांधाबांधीसाठी साठवलेला पेंढा दिसतो. एका कारखान्यात वयोवृद्ध मूर्तिकार पेंढ्याची पेंडी उचलण्यापूर्वी काठीने दोनदा ठोकत होते. कारण विचारताच ते म्हणाले, ‘‘अहो, खाली इंगळी असली तर तिला जायला वेळ द्यायला नको का?’’

इंगळी, म्हणजे विंचू. कोकणातील लाल विंचू आकाराने लहान, दोन-तीन इंचांचा. दगडी बांध, लाकडांच्या मोळ्या, गोवऱ्यांचे ढीग, जुनी कौले, पेंढा अशी उबदार अडचण त्याला प्रिय. पेणपासून रोह्यापर्यंत आणि पुढे माणगाव-महाडपर्यंत ज्या घरांना मागील दारी पडवी आहे, त्या प्रत्येक घरात त्याच्याविषयीची एखादी आठवण निघतेच. त्या आठवणींचा रंग मात्र वक्त्याच्या वयाप्रमाणे बदलतो. चाळिशीच्या आतील माणसे वेदनेची गोष्ट सांगतात. सत्तरीच्या पुढील माणसे मृत्यूची सांगतात. या फरकामागे वैद्यकीय संशोधनाचा एक मोठा अध्याय आहे आणि तो आपल्याच रायगड जिल्ह्यात लिहिला गेला आहे.

पेण सोडल्यावर कासू, नागोठणे, निडी आणि मग रोहा. कुंडलिका नदीच्या काठचे हे गाव. ग्रामदैवत धावीर महाराजांच्या पालखीला पोलिसांची मानवंदना मिळते, याचा येथील लोकांना सार्थ अभिमान आहे. पलीकडे धाटावची औद्योगिक वसाहत. कोकण रेल्वेचा आरंभही रोह्यापासूनच होतो. गावाच्या कडेला भातखाचरे आहेत आणि कापणीनंतर खळ्याभोवती पेंढ्याची उडवी उभी राहतात. अशाच एका खळ्यालगतच्या घरी एका आजींशी बोलणे झाले. मुलगा आणि सून दोघेही नोकरीवर. दिवसभर नातवंडे आजींच्या स्वाधीन. त्यांच्या लहानपणी धाकट्या भावाला विंचू चावला होता. उतरवणाऱ्याला बोलावणे गेले, मंत्र झाला, पाला चोळला गेला. ‘‘त्याला घाम घाम झाला, ओकाऱ्या झाल्या आणि हातपाय बर्फासारखे पडले. सकाळपर्यंत राहिला नाही,’’ एवढेच त्या बोलल्या.

आजींनी सांगितलेली ही तीन चिन्हे, घाम, ओकारी आणि गार पडलेले हातपाय, हीच पुढे वैद्यकशास्त्राला वाट दाखवणारी ठरली. एकनाथ महाराजांच्या विंचवाच्या भारुडातही दंशाबरोबर अंगाला घाम सुटल्याचा उल्लेख आहे. नाथांचा विंचू कामक्रोधाचा, हे खरे. पण रूपकासाठी निवडलेले लक्षण किती अचूक आहे, हे पाहून नवल वाटते.

रोह्याहून गाडीने कोलाड, माणगाव ओलांडून वीर स्थानकावर उतरले की महाड जवळच आहे. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर रुजू झाले. जालना जिल्ह्यातील देहेड हे त्यांचे गाव. विंचूदंशाने धडधाकट मुले आणि माणसे काही तासांत दगावतात, हे त्यांनी येथे पाहिले. पाठ्यपुस्तकांत यावर फारसे मार्गदर्शन नव्हते. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून तासातासाची टिपणे ठेवली: नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचे तापमान, श्वासाचा आवाज. त्या टिपणांतून आकार घेणारे निरीक्षण १९८२ साली ‘द लॅन्सेट’ या नामांकित ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. रुग्ण दगावतो तो हृदयावर पडलेल्या ताणाने आणि फुप्फुसांत साचलेल्या पाण्याने, आणि त्याची पूर्वसूचना शरीर आधीच देत असते, हे त्याचे सार.

हे का घडते, ते समजून घेणे कठीण नाही. विंचवाचे विष मज्जातंतूंच्या पेशीभित्तिकांतील सोडियमची दारे उघडी ठेवते. परिणामी मज्जासंस्था अखंड संदेश पाठवीत राहते आणि रक्तात ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोट येतो. रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, आकसलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकते आणि रक्तातील पाणी फुप्फुसांत पाझरू लागते. खोकल्याबरोबर गुलाबी फेस येऊ लागला की अवस्था अत्यंत गंभीर झाली, असे समजावे.

रोगाचे मूळ वाहिन्यांच्या आकसण्यात असेल, तर त्या सैल करणारे औषध द्यावे, हा विचार पुढचा. असे एक औषध रक्तदाबासाठी तेव्हा उपलब्ध होतेच: प्राझोसिन. ही पोटात घ्यायची साधी, स्वस्त गोळी आहे. डॉ. बावस्कर यांनी ती विंचूदंशाच्या रुग्णांना देण्यास आरंभ केला आणि १९८६ साली त्याचे निष्कर्षही ‘लॅन्सेट’मध्ये आले. त्यांच्याच नोंदींनुसार प्राझोसिनपूर्व काळात गंभीर दंशाच्या २५ ते ३० टक्के रुग्णांचा मृत्यू होत असे. नंतर हे प्रमाण सुमारे १ टक्क्यापर्यंत उतरले. गोळीचा गुण आला की नाही, हे पाहण्याची खूणही किती घरगुती आहे! हातपाय पुन्हा ऊबदार झाले पाहिजेत.

पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या औषधनिर्मिती महामंडळाने घोड्यांच्या रक्तद्रवापासून विंचवाची प्रतिविषलस तयार केली. तिचा उपयोग प्राझोसिनच्या जोडीने होतो का, याची चाचणी डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर या दांपत्याने महाडला केली. सत्तर रुग्ण, दोन गट. लस व गोळी दोन्ही मिळालेल्या ३५ जणांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. केवळ गोळी मिळालेल्या ३५ जणांपैकी ८. हे संशोधन २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापले गेले. २०२२ साली डॉ. बावस्कर यांना पद्मश्री मिळाली.

आता जगाकडे पाहू. २०२५ च्या जानेवारीत ‘नेचर’ नियतकालिकात एक विलक्षण संशोधन आले. रसायनशास्त्राचे नोबेल आदल्याच वर्षी मिळवणारे डेव्हिड बेकर आणि त्यांचे सहकारी यांनी संगणकाच्या साहाय्याने, निसर्गात कधीच नसलेली छोटी प्रथिने रचली. नागासारख्या सर्पांच्या विषातील काही घातक घटकांना ती मिठी मारून निष्प्रभ करतात आणि प्रयोगशाळेतील उंदीर त्यांमुळे वाचले. घोड्यांवर अवलंबून न राहता, स्वस्तात आणि उष्ण हवेतही टिकेल असे प्रतिविष मिळण्याची आशा यातून निर्माण झाली आहे. सर्पदंशाने भारतात २००० ते २०१९ या काळात दरवर्षी सरासरी ५८,००० मृत्यू झाल्याचा अंदाज लक्षात घेता ही आशा लहान नव्हे. तथापि, उंदरापासून माणसापर्यंतची वाट लांब असते आणि ती संपेपर्यंत रोह्याच्या आजींना आज जे उपलब्ध आहे, त्यावरच विसंबावे लागेल. माझ्या मते तेही थोडे नाही. उणीव असते ती बहुधा वेळेची.

म्हणूनच घरातील ज्येष्ठांचे स्थान येथे निर्णायक ठरते. मुलाला दंश होतो तेव्हा बहुधा आजी-आजोबाच जवळ असतात आणि काय करायचे, हा पहिला शब्द त्यांचाच असतो. पुष्कळांना विंचूदंशाने केवळ भयंकर वेदना होते आणि पुढे काही होत नाही. त्यामुळेच उतरवणाऱ्याला यश मिळाल्यासारखे दिसते. वेदना किती आहे, यावरून धोका ओळखता येत नाही. भरपूर घाम, पुन्हा पुन्हा उलटी, तोंडाला सुटणारे पाणी, गार हातपाय, पुरुषांत व मुलग्यांत इंद्रियाचा ताठरपणा यांपैकी काहीही दिसले, तर प्रकरण हृदयापर्यंत गेले आहे. लहान मुलाच्या बाबतीत चिन्हांची वाटही पाहू नये. जखम कापणे, चोखणे, दोरी आवळणे हे सारे टाळावे, १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने सरकारी रुग्णालय गाठावे.

येथे एक मोह संभवतो. आजोबांच्या डब्यात प्राझोसिन असेल, तर त्यातलीच गोळी नातवाला देऊ नये. मात्रा वजनावर ठरते. घाम व उलट्यांनी पाणी गमावलेल्या शरीराचा रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो, म्हणून हे औषध देताना रुग्णाला आडवेच ठेवतात.

ज्येष्ठ वाचकांसाठी याच औषधकुळाविषयी थोडे विषयांतर. प्रोस्टेटच्या त्रासासाठी दिली जाणारी टॅमसुलोसिन ही त्याच घराण्यातील. रक्तदाबासाठी मात्र हे कूळ आता पहिल्या पसंतीचे राहिलेले नाही. २००० साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत याच कुळातील डॉक्साझोसिन घेणाऱ्यांमध्ये हृदय दुर्बल होण्याचे प्रमाण अधिक आढळल्याने चाचणीचा तो भाग थांबवावा लागला. एका आजारात मागे पडलेले औषध दुसऱ्या आजारात प्राण वाचवते, हे औषधशास्त्रात अपूर्व नाही. अशा गोळ्या घेणाऱ्यांनी रात्री उठताना क्षणभर पलंगाच्या कडेवर बसावे, कारण एकदम उभे राहिल्यास भोवळ येते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी नेत्रतज्ज्ञांना आणि विंचू चावल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांना या गोळीची कल्पना अवश्य द्यावी.

रोह्याच्या आजी आता सरपण अंगणात घराच्या भिंतीपासून हातभर दूर रचतात, नातवाची पादत्राणे झटकून त्याच्या पायात घालतात आणि अंधारात बॅटरीशिवाय पडवीत जाऊ देत नाहीत. वैशाखात कौले चाळण्यासाठी माणसे येतील, तेव्हा जुन्या कौलांची रास दारापाशी रचू द्यायची नाही, हेही त्यांनी मुलाला आताच सांगून ठेवले आहे.