माशीचा मुखवटा

लंडनला राहणाऱ्या माझ्या चुलत भावाने एका गोऱ्या गायकाचा जुना अल्बम फोनवर पाठवला. म्हणाला, "आपा, हा पुढे मुसलमान झाला. ऐकून बघ." मुसलमान झाला म्हणून गाणी चांगली, हा हिशेब मला कधीच पटला नाही. पण मुखपृष्ठ पाहिले आणि थबकले. माशीचे सोंग घेऊन एक माणूस उभा होता. चेहरा मुखवट्याखाली.

हा रिचर्ड थॉम्प्सन. १९६७ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या बँडचा तरुण गिटारवादक. १२ मे १९६९ रोजी कार्यक्रमाहून परतताना बँडची गाडी महामार्गावर उलटली. एकोणीस वर्षांचा ड्रमवादक मार्टिन लॅम्बल आणि रिचर्डची मैत्रीण जीनी फ्रँकलिन, दोघेही गेले. उरलेल्यांनी एकमेकांना धरून त्याच वर्षी इंग्लंडची जुनी लोकगीते विजेच्या गिटारवर गायली. त्या अल्बमचे आजही नाव निघते. एकत्र मरण पाहिलेली अशी माणसे सोडून जायची म्हणजे काय? जानेवारी १९७१ मध्ये तो बाहेर पडला.

'हेन्री द ह्यूमन फ्लाय' १९७२ साली आला. बारा गाणी, सगळी स्वतः लिहिलेली. पहिल्याच गाण्याच्या नावात व्हॉन विल्यम्स आहे. खेडोपाडी फिरून लोकगीते टिपून घेणारा हा इंग्रज संगीतकार, म्हणजे आपल्याकडच्या ओव्या जमवणाऱ्यांच्या बिरादरीतला. थॉम्प्सनची गिटार बेधडक चालते. आवाज मात्र दबकत येतो, वाद्यांच्या आडोशाला उभा राहतो. समीक्षकांनी झोडपले. खप इतका कमी की त्यावर पुढे विनोद झाले.

आमच्या शाळेत सकाळी चार मुली पुढे उभ्या राहून दुआ म्हणतात. एकदा तिघी गैरहजर होत्या. चौथीने सुरुवात केली, आणि दुसऱ्या ओळीलाच ओढणी तोंडावर ओढून घेतली. मी तिला खूण केली, ओढणी खाली घे. तिने घेतली नाही, पण दुआ पुरी केली. अल्बम ऐकताना तिचीच आठवण येत राहिली. त्या दिवशी मी खूण करायला नको होती.

पुढे सूफींच्या संगतीत थॉम्प्सनने इस्लाम स्वीकारला. पहिल्या अल्बमला साथ देणारी लिंडा त्याची पत्नी झाली. दोघांच्या १९७५ च्या 'पोअर डाऊन लाइक सिल्व्हर'वर त्याचा चेहरा अगदी जवळून दिसतो. डोक्याला पगडी, मुखवटा नाही. नंतर त्याने काही काळ गाणे बाजूला ठेवले आणि १९७८ साली पुन्हा अल्बम काढला. आमच्या घरातले वडीलधारे हा किस्सा सांगतील तेव्हा गाणे बाजूला ठेवण्यापाशी थांबतील. भाऊ सांगेल तेव्हा तो भाग गाळेल. मला दोन्ही हवे आहे. आणि त्याआधीचा तो माशीचा मुखवटाही, कारण इस्लाम तेव्हा त्याच्या आयुष्यात यायचाच होता आणि आधाराला बँडही उरला नव्हता.

मराठीत मी आजवर लिहिले ते टोपणनावाने. उर्दू शाळेतली बाई मराठीत काय लिहिते, हे स्टाफरूममध्ये कुणी विचारू नये म्हणून. हा लेख पूर्ण होऊन चार दिवस झाले. खाली नावाची जागा अजून कोरी आहे.