पिवळ्या पानांविषयी

हिरवं रान म्हणजे निरोगी रान, असं मी वर्षानुवर्षं धरून चाललो. रब्बी ज्वारी निसवली, कणीस चिकात आलं आणि बुडाची पानं पिवळी पडू लागली, की पीक उपाशी आहे असंच मला वाटे. दाणा भरायचा तर मुळांनी त्याच वेळी जमिनीतून अन्न ओढायला हवं, हा माझा हिशेब. तो मी आता सोडला आहे.

सोलापूर-मंगळवेढ्याकडची मालदांडी दाणे भरते तेव्हा पाऊस केव्हाच संपलेला असतो. वरची माती कोरडी, भेगाळलेली. ओल असते ती खाली. अन्न मुळात शिरतं ते पाण्यात विरघळून, त्यामुळे कोरड्या थरातलं खत असून नसल्यासारखंच. तरीही दाणा भरतो, कारण पीक पोटरीत येईपर्यंत पानांत आणि ताटात बराच नत्र जमलेला असतो. झाड पानातली प्रथिनं मोडतं, त्यांची अमिनो आम्लं करतं आणि रसवाहिन्यांतून कणसाकडे धाडतं. पान पिवळं पडतं ते त्यामुळे. कोरडवाहू ज्वारीला सगळं खत पेरणीबरोबरच, दोन चाड्यांच्या पाभरीने का द्यायचं, हे मला यातूनच नीट उमगलं.

माझं मन खऱ्या अर्थाने वळलं ते गव्हावरच्या एका प्रयोगाने. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रातले क्रिस्टोबाल उआवी, होर्हे डबकोव्स्की आणि त्यांचे सहकारी यांनी 2006 मध्ये तो प्रसिद्ध केला. पान वेळेवर पिकवणाऱ्या जनुकांचं काम त्यांनी गव्हात मंदावलं. झाडं तीन आठवड्यांहून जास्त काळ हिरवी राहिली. मात्र दाण्यातलं प्रथिन, जस्त आणि लोह 30 टक्क्यांहून अधिक घटलं. ज्या हिरवेपणावर मी भाळत होतो, त्याची किंमत भाकरी-पोळी खाणाऱ्याच्या ताटातून वसूल होत होती!

अर्थात सगळंच पिवळेपण चांगलं, असं मी म्हणणार नाही. दाण्यातलं पीठ मुख्यतः वरच्या पानांनी त्या दिवसांत बनवलेल्या साखरेतून येतं. म्हणजे त्याच पानाने साखरही करायची आणि स्वतःला मोडून नत्रही द्यायचा. यातला समतोल झाड बुडापासून वर जात राखतं. शेंड्याचं पान शेवटी. म्हणून मी आता रंगापेक्षा क्रम बघतो. हुरडा होण्याआधीच वरची पानं करपली असतील, तर ओल संपली आहे आणि दाणा बारीक राहणार.

कडब्याकडेही मी आता वेगळ्या नजरेने बघतो. नत्र आणि स्फुरद यांचा मोठा वाटा कणसात जातो, पण पालाश बहुतांश ताटात-पानांत राहतो. चुना तर एकदा पानात बसला की तिथून जवळजवळ हलतच नाही. रब्बी ज्वारी आपण मुळासकट उपटतो. धान्याची पोती मोजताना जमिनीतून काय गेलं याचा अंदाज घेणारे पुष्कळ भेटतात; कडब्याच्या पेंढ्यांबरोबर गावाबाहेर गेलेला पालाश मात्र कुणाच्या वहीत नसतो. कडबा विकणाऱ्याने त्याच रानात शेणखत टाकावं, असा आग्रह मी आता भेटेल त्याच्याकडे धरतो.