नागवेलीचा उन्हाळा

कळंबच्या उन्हाळ्यात नागवेल जगवू पाहणाऱ्याला लोक हसतात, आणि ते हसणे अगदीच अनाठायी नाही. ही वेल मूळची आग्नेय आशियातल्या दमट वनांतली, मोठ्या वृक्षांच्या आडोशाने चढणारी. आपल्याकडे चैत्र सरता सरता पारा चाळिशी गाठतो आणि हवेत ओल नावालाही उरत नाही. तरी आईने घराच्या पश्चिम भिंतीलगत, म्हणजे नेमक्या चुकीच्या जागी, एक वेल लावली होती.

२०१६ च्या उन्हाळ्यात तिची पाने कडेने करपू लागली. असे पान तुम्हीही पाहिले असेल: कडा तपकिरी, कुरकुरीत आणि मध्य अजून हिरवा. मला ते तहानेचे लक्षण वाटले. मी भर दुपारी तांब्या तांब्या पाणी ओतू लागलो. ते दिवस आठवून पाहा. मांजरा कोरडी, धनेगावचे धरण आटलेले, आणि लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते. आमच्याकडे टँकरची वाट पाहणे हाच दिनक्रम होता. वेलीला घातलेल्या तांब्यांची भरपाई आई स्वतःच्या अंघोळीच्या पाण्यातून करत होती, हे मला पुष्कळ उशिरा कळले. माती ओली राही. पाने करपतच होती.

त्याच सुमारास आईचे मामेभाऊ आले. त्यांचा मिरजेकडे पानमळा. त्यांनी मातीत बोट खुपसले, मग भिंतीवर तळहात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला. म्हणाले, “अक्का, हिला पाणी पुष्कळ झालं. आता सावली दे.”

ऊन आणि तापलेला वारा पानातून जेवढे पाणी ओढून नेतात, तेवढे मुळांना त्या वेगाने वर पोहोचवता येत नाही. मग माती कितीही भिजलेली असो. पानाची कड शिरांच्या शेवटी, गल्लीच्या टोकाच्या नळासारखी. टंचाई तिथे आधी पोहोचते. जपानच्या डोंगरउतारांवर मोठ्या झाडांखाली वाढणारे नाजूक मॅपल उघड्या अंगणात आणले, तर त्याचीही पाने अशीच कडेने वाळतात. पानमळेवाल्यांनी हे केव्हाच ओळखले आहे. ते शेवरी, शेवगा, पांगारा लावतात आणि वेल त्यांच्यावर चढवतात. त्यामुळे वेलीला आधारही मिळतो आणि चाळणीतून गाळल्यासारखे ऊनही.

मामांनी बांबू रोवून पश्चिमेकडून गोणपाट बांधले. पूर्व मात्र मोकळी ठेवली, कारण सकाळचे कोवळे ऊन वेलीला हवेच असते. बुडाशी उसाच्या पाचटाचा जाड थर घातला. शेजारी तळाला भोक पाडून चिंधीची वात घातलेले मडके पुरले. दिवेलागणीला त्यात तांदूळ धुतलेले पाणी ओतायचे, एवढेच. माझे दुपारचे तांब्ये त्याच दिवशी थांबले.

करपलेली पाने हिरवी झाली नाहीत. तशी ती कधीच होत नाहीत. मी ती खुडायला गेलो तेव्हा आईने हात धरला. अर्धे हिरवे पानही वेलीला अन्न देते, असे तिचे म्हणणे होते. पुढे पंधराएक दिवसांनी शेंड्याशी करंगळीच्या नखाएवढे, पोपटी, न करपलेले पान दिसले. आईने ते मला दाखवले आणि काही न बोलता न्हाणीघराकडे वळली.

पावसाळ्यात आम्ही भिंतीपासून दोन हातांवर शेवग्याचा फाटा रोवला. आता तो छपराच्या वर गेला आहे. यंदा मृगाचा पाऊस पडला, की त्याच्या दोन फांद्या उतरवायच्या आहेत. सावली फार दाट झाली आहे.